जुना रोलचा कॅमेरा चिकट झालाय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पेटी खाली येते. तिच्यात आजोबांचा किंवा काकांचा रोलचा कॅमेरा सापडतो आणि हातात घेतला की बोटं चिकटतात. गेली काही वर्षं मी नाशिकमध्ये, घरच्या टेबलावर, असे कॅमेरे साफ करतोय. ओळखीचे येतात, मग त्यांच्या ओळखीचे येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते एकदा नीट लिहून ठेवावेत म्हणून हे पान. यातलं बरंचसं काम घरी जमण्यासारखं आहे. जिथे हात आवरायचा, ती ठिकाणंही सांगितली आहेत.

कॅमेरा हाताला चिकटतोय. म्हणजे तो वाया गेला का?

नाही. बाहेरचा चिकटपणा आणि कॅमेऱ्याचं चालणं यांचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. मागचं दार गुळाच्या ढेपेसारखं झालेलं, पण आत सेल घातले की शटर खणखणीत वाजतंय, असे कितीतरी कॅमेरे मी पाहिलेत. निकॉनचा एफ९०एक्स याचं ठळक उदाहरण. १९९४ साली आलेलं हे दणकट यंत्र आज लोक फक्त दार चिकटतं म्हणून टाकून देतात. कृपा करून भंगारात देऊ नका. आधी पुढचं वाचा.

नेमकं काय चिकटतंय ते कसं ओळखायचं?

सगळ्या कामात महत्त्वाचा प्रश्न हाच. "चिकट" हा शब्द एक, पण त्यामागे चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. एकीचा उपाय दुसरीवर केला की नुकसान होतं.

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे मऊ रबरी थर. नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षं कंपन्यांनी कडक प्लॅस्टिकवर मखमली स्पर्शाचा पातळ थर द्यायला सुरुवात केली. हातातून सटकू नये आणि महागडा वाटावा, हा हेतू. हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता त्यात हळूहळू शिरते आणि त्याच्या लांब साखळ्या पाण्याने तुटत जातात. साखळ्या तुटल्या की घट्ट थराचा चिकट लगदा होतो. ओळखायची खूण सोपी: बोट ठेवलं की ठसा उमटतो, नख ओढलं की काळी वळी निघते, आणि खाली चकचकीत कडक प्लॅस्टिक दिसतं.

दुसरी गोष्ट फोमची. दाराच्या खाचेत आणि आरशाच्या वर काळ्या फोमच्या पट्ट्या असतात. त्याही पॉलियुरेथेनच्याच, पण त्यांचं डांबर होतं. बोटाला लागलं की साबणाने सहज जात नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स काढता येणाऱ्या कॅमेऱ्यात, हे सापडेल, मग तो कॅननचा एई-१ असो की पेंटॅक्सचा के१०००. दोन्ही १९७६ चे.

तिसरी, रेक्झिनखालचा गोंद. रेक्झिनच्या कडेने तपकिरी मधासारखं काही बाहेर येत असेल तर ते हे. चौथी, सेल फुटून आलेला रस. तो कप्प्याच्या आसपासच असतो आणि वाळून पांढरा किंवा हिरवट-निळा दिसतो. आणि पाचवी म्हणजे साधी माणसाची करणी: वर्षानुवर्षांचं हाताचं तेल, सेलोटेप, किमतीचं स्टिकर, लग्नाच्या मांडवात कॅमेऱ्यावर सांडलेलं सरबत.

चांगल्या उजेडात, कापूस न भिजवता, आधी पाच मिनिटं नुसतं निरखा. माझा अनुभव असा की या पाच मिनिटांत निम्मं काम होतं.

नाशिकची हवा तर कोरडी. मग इथे असं का होतं?

कोरडी आहे, पण बारा महिने नाही. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्र्यंबक-इगतपुरीकडे त्याच्या कितीतरी पट. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. त्यात आपल्याकडे कॅमेरा ठेवायची ठरलेली जागा म्हणजे स्लॅबला लागून असलेला माळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे गेला की तो माळा भट्टीसारखा तापतो. पावसाळ्यात थराने ओलावा प्यायचा आणि उन्हाळ्यात उष्णतेने ती मोडतोड जोरात चालायची, हे वीस-पंचवीस वर्षं चालू राहिलं की जे व्हायचं तेच होतं.

चामड्याचं कव्हर हा आणखी एक शत्रू. बटणं लावून बंद केलेल्या कव्हरात ओल कोंडून राहते. कव्हर जपा, पण कॅमेरा त्यात ठेवू नका.

साफ करायच्या आधी आत रोल आहे का, हे कसं कळेल?

दार उघडायच्या आधी हे बघाच. हाताने रोल फिरवायच्या कॅमेऱ्यात डाव्या बाजूला रोल परत गुंडाळायची कळ असते. ती बाणाच्या दिशेला हळूच फिरवा. नुसती सैल फिरत राहिली तर बहुधा आत काही नाही. अडली, ताण लागला, तर रोल आहे. मोटरच्या कॅमेऱ्यात मागच्या दारावर एक छोटी उभी खिडकी असते, तिच्यातून रोलच्या डबीवरची अक्षरं दिसतात.

रोल निघाला तर तो पूर्ण गुंडाळून घ्या, मगच दार उघडा. काढलेले फोटो त्यात कित्येक वर्षं टिकून राहू शकतात. रंगीत रोलचे रंग उतरतात, कृष्णधवल रोल जास्त तग धरतो. तो धुवायला द्या. घरातलं कोणीतरी त्यात असू शकतं, आणि माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा त्या रोलची किंमत जास्त.

कशाने पुसायचं? घरात सॅनिटायझर आहे, पेट्रोल आहे, थिनर आहे.

मुख्य औषध एकच: आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सगळे ज्याला आयपीए म्हणतात ते, आणि तेही ९९ टक्क्यांचं. मोबाईल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला हेच वापरतात, त्यामुळे एम. जी. रोडकडच्या मोबाईलच्या सामानाच्या दुकानांत विचारा. ७० टक्क्यांच्या आयपीएत बाकीचं पाणी असतं. त्यानेही थर निघतो, पण हळू, आणि ते पाणी बटणांच्या फटीत जाऊन बसतं. ९९ टक्केवालं काही सेकंदांत उडून जातं.

करोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली वापरू का, असं निम्मे लोक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं हे खरं. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीनही घातलेलं असतं. जेलमध्ये तर घट्टपणा आणणारे पदार्थही असतात. एक चिकटपणा काढताना दुसरा लावून बसाल. मेडिकलमधल्या स्पिरिटचं लेबल वाचा. काही स्पिरिटात एरंडेल मिसळलेलं असतं, ते तर नकोच.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल या तिन्हींना कॅमेऱ्याजवळ फिरकू देऊ नका. रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं. हे मी वाचून सांगत नाही. माझ्या काकांनी २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर ज्या एफ९०एक्सने फोटो काढले, त्याच्यावर मी सुरुवातीच्या दिवसांत हे केलंय. दार साफ झालं, पण ओला बोळा वरच्या आकड्यांच्या काचेला लागला. ती काच खरी काच नसून प्लॅस्टिक होती. ती कायमची धुरकट झाली. कितवा फोटो चालू आहे हे बघायला काकांना आजही कॅमेरा उजेडाकडे तिरका करावा लागतो. ते कधी काही बोलले नाहीत, मला मात्र ते दर वेळी लागतं.

लाइटरमध्ये भरायचं द्रव इंधन गोंदाच्या डागांवर चांगलं चालतं आणि बहुतेक प्लॅस्टिकला त्रास देत नाही. रबरी थरावर मात्र ते फारसं लागू पडत नाही.

एक गोष्ट आवर्जून: आयपीएची वाफ साधारण १२ अंश तापमानापासूनच पेट घेऊ शकते, लाइटरच्या इंधनाची तर त्याहून कमी तापमानाला. म्हणजे आपल्या थंडीतल्या सकाळीही धोका आहेच. गॅस बंद, देवघरातलं निरांजन विझलेलं, खिडक्या उघड्या, आणि मगच बाटलीचं झाकण काढायचं.

मागच्या दाराचा रबरी थर काढायची पद्धत सविस्तर सांगाल का?

सेल काढा. लेन्स काढून तिच्या जागी झाकण बसवा. बऱ्याच एसएलआरचं मागचं दार बिजागरीजवळची छोटी पिन ओढली की वेगळं निघतं. तसं निघत असेल तर उत्तम, कारण मग ओलावा कॅमेऱ्याच्या आत जायची भीतीच नाही. निघत नसेल तर दार बंद ठेवून काम करा. बघायची खिडकी, आकड्यांची काच आणि दाराची फट यांवर रंगाऱ्याकडची कागदी टेप लावून घ्या.

कापड कुठलं? जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा धुतलेला तुकडा. इतकं चांगलं कापड विकत मिळत नाही. कापूस तंतू सोडतो आणि ते चिकट थरात रुततात, म्हणून मोठ्या भागावर कापूस नको. हातात रबरी मोजे घाला, नाहीतर तो काळपटपणा दोन दिवस नखांत राहतो.

आता कापडाचं टोक आयपीएने ओलं करा. कॅमेऱ्यावर थेंब टाकायचा नाही, कापड ओलं करायचं, हा नियम कधीच मोडू नका. रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या आणि गोल-गोल चोळा. आधी काही होत नाहीसं वाटेल, मग थर मऊ होऊन काजळासारखा कापडावर यायला लागेल. कापडाची बाजू लगेच बदला. मळलेल्या बाजूने पुसत राहिलात तर तोच लगदा पुढे पसरतो, आणि "हे काम होतच नाही" म्हणून सोडून देणारे बहुतेक इथेच अडकतात. एक जागा स्वच्छ झाली की शेजारची घ्या. एका दाराला तास-दीड तास धरून चला. एक आख्खं धोतर खर्ची पडलं तरी पडू द्या.

कोपऱ्यांसाठी जुना मऊ टूथब्रश आणि रेघांमधल्या मळासाठी लाकडी टूथपिक. स्टीलची सुई किंवा ब्लेड अजिबात नको, खालचं प्लॅस्टिक ओरखडतं. शेवटी स्वच्छ कापडाने एकदा कोरडं पुसा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या.

दाराच्या आतल्या बाजूला जी चौकोनी गुळगुळीत पट्टी स्प्रिंगवर बसलेली असते, ती रोलला सपाट दाबून धरते. तिच्यावर मळके बोट किंवा मळके कापड लागू देऊ नका. तिथला एक कणसुद्धा प्रत्येक फोटोवर आडवी रेघ मारेल.

थर काढल्यावर अक्षरं जातील का? दिसेल कसा?

थरावर छापलेली पांढरी अक्षरं थरासोबत जातात. प्लॅस्टिकमध्ये कोरलेली राहतात. थर काढल्यावर दार काळं आणि चकचकीत दिसेल, हाताला गुळगुळीत लागेल. मला ते आवडतं. पकड हवीच असेल तर गाडीच्या सीटकव्हरवाल्याकडून पातळ काळ्या रेक्झिनचा तुकडा आणा आणि मापात कापून दुहेरी टेपने चिकटवा.

गेलेला थर परत आणता येत नाही. त्यावर काहीतरी फासून तो पुन्हा घट्ट करायचे सगळे प्रयत्न थोड्या दिवसांचे असतात.

टाल्कम पावडर लावली तर?

दोन दिवस बरं वाटतं. मग पावडर आणि चिकटपणा यांची कणीक होते आणि तीच बटणांत शिरते. लग्नाला निघायच्या आधी तासाभरात उपाय हवा असेल तर समजू शकतो, एरवी नाही.

आयपीए मिळालंच नाही. खायच्या सोड्याने होतं म्हणतात, ते खरं का?

होतं. सोड्यात थेंब-थेंब पाणी घालून घट्ट लेप करा आणि ओल्या कापडाने चोळा. सोड्याचे बारीक कण थर खरवडून काढतात. पण हे दार वेगळं निघत असेल तरच. पांढरी पूड प्रत्येक फटीत जाऊन बसते आणि जोडलेल्या कॅमेऱ्यातून ती काढणं म्हणजे वरच्या कामापेक्षा मोठं काम.

दार उघडलं तर खाचेत डांबर. हे काय आणि कसं काढू?

हा प्रकाश अडवणारा फोम. दार आणि कॅमेरा यांच्या फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून तो खाचेत बसवलेला असतो. तो गेला की फोटोंवर नारिंगी-लालसर पट्टे यायला लागतात. उजेड रोलच्या मागच्या बाजूने, त्याच्या नारिंगी झाकेतून आत शिरतो, म्हणून त्या पट्ट्यांचा रंग तसा. १९६७ च्या ऑलिम्पस ट्रिप ३५ पासून ऐंशीच्या दशकातल्या याशिका-मिनोल्टापर्यंत हा आजार सारखाच.

बांबूची काडी घ्या, कबाबाला वापरतात ती. तिचं टोक ब्लेडने तासून छिन्नीसारखं चपटं करा. आधी कोरडं खरवडा, जेवढं निघेल तेवढं. कॅमेरा असा तिरका धरा की कण बाहेर पडतील, आत नाही. मग काडीच्या टोकाला किंवा कान साफ करायच्या काडीला आयपीए लावून, ते दोन बोटांत पिळून, खाचेतून ओढा. मिनिटभर थांबा, डांबर फुगतं, पुन्हा ओढा. खाचेत तळाचं धातू चमकायला लागेपर्यंत हे करायचं. खाली जुना गोंद राहिला तर नवी पट्टी बसत नाही.

मधोमध शटरचा पडदा उघडाच असतो. त्याला काडी, बोट, कापूस, काही लागता कामा नये. १९८२ च्या निकॉन एफएम२ च्या शटरच्या टायटॅनियमच्या पत्र्या कागदासारख्या पातळ आहेत. एक टोचा आणि खेळ संपला. मी एका हाताने पोस्टकार्डाचा तुकडा पडद्याच्या समोर, पडद्याला न टेकवता, आडवा धरतो आणि दुसऱ्या हाताने खाच साफ करतो. दोन माणसं असतील तर आणखी सोपं.

आरशाच्या वरचा फोमही गळालाय. तोही काढू?

काढा, पण दिवसाच्या शेवटी थकलेल्या हातांनी नको. फोटो काढताना आरसा वर जाऊन या फोमवर आपटतो. फोमचं डांबर झालं की आरसा तिथेच चिकटून बसायला लागतो, किंवा तुकडे खाली आरशावर पडतात.

यातली अवघड गोष्ट म्हणजे शेजारी बसलेले दोन नाजूक शेजारी. एक तो आरसा. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढच्या पृष्ठभागावर असतो. नुसत्या कापडानेही ओरखडे पडतात. दुसरी, वरची धूसर काच, जिच्यात आपण नेम धरतो. अनेक कॅमेऱ्यांत ती प्लॅस्टिकची असून तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गोल रेषा कोरलेल्या असतात. तिला आयपीए लागलं किंवा बोट घासलं तर डाग कायमचा. दोन्हींना फक्त रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा द्यायची, तोंडाने फुंकायचंही नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात.

म्हणून कॅमेरा लेन्सच्या तोंडाकडून खाली वाकवून धरा, धूसर काचेवर कागदाचा तुकडा सरकवा आणि फोम कोरडाच, काडीने, कणाकणाने काढा. आयपीए लागलंच तर अगदी शेवटी, जेमतेम ओल्या टोकाने. धूसर काचेवर आधीच डांबराचा डाग असेल तर तसाच राहू द्या. तो फोटोत येत नाही, फक्त नेम धरताना दिसतो. तो पुसायच्या नादात काच घालवणारे मी जास्त पाहिलेत.

नवा फोम कुठे मिळेल?

चिकट पाठीचा, बारीक छिद्रांचा काळा फोम, दाराच्या खाचेसाठी साधारण १.५ ते २ मिलिमीटर जाड. कापून तयार पट्ट्या ऑनलाइनही मिळतात. पण मला मनापासून आवडणारा उपाय वेगळा आहे: मेन रोडच्या दुकानातली काळी लोकर. फोम येण्याआधी बऱ्याच कॅमेऱ्यांत खाचेत काळा दोरा किंवा मखमलच असायची, आणि ती आजही शाबूत सापडते. खाचेत गोंदाची अगदी बारीक रेघ ओढा आणि काडीने लोकर दाबत जा. दार सहज बंद झालं पाहिजे. जोर लावावा लागला तर लोकर जाड आहे, तिचा एक पदर सोडवून घ्या.

बिजागरीच्या बाजूला मखमलीची पट्टी लावा. फोमच वापरत असाल तर त्याच्या चिकट बाजूला साबणाच्या पाण्याचं बोट लावा. मग तो लगेच पकडत नाही आणि सरकवून जागेवर बसवता येतो. पाणी वाळलं की घट्ट बसतो. आरशाचा फोम मात्र मूळ जाडीचाच हवा, जाड झाला तर आरसा पूर्ण वर जाणार नाही.

रेक्झिनच्या कडा सुटल्यात आणि खालून चिकट येतंय.

सुटलेली कड हलकेच उचला, खालचा जुना गोंद लाइटरच्या इंधनाने ओल्या केलेल्या काडीने काढा, वाळू द्या, आणि पातळ दुहेरी टेप लावून कड परत बसवा. फेविक्विक नको. पुढे कधी दुरुस्तीला उघडायचा झाला तर स्क्रू बहुधा याच रेक्झिनखाली असतात, आणि फेविक्विकने बसवलेलं रेक्झिन फाडूनच काढावं लागतं.

सेल आतच फुटला. पांढरी पूड आणि ओलसर चिकट काहीतरी आहे.

साध्या अल्कलाइन सेलचा रस क्षारयुक्त असतो, त्वचेला चावतो. मोजे घाला, डोळे जपा. कानाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, हलकासा फेस येईल. मग पाण्याने जेमतेम ओली काडी, मग आयपीए. पत्रा पुन्हा चमकला पाहिजे. हिरवट डाग हटत नसेल तर पेन्सिल खोडायच्या कडक रबराने घासा.

साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमेऱ्यात गोल बटणासारखा सेल निघाला तर तो पाऱ्याचा असू शकतो. उघडू नका, मुलांच्या हाती देऊ नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेतात तिथे द्या.

स्टिकर आणि सेलोटेपचे डाग?

खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटं ठेवा, पुसा, मग साबणाच्या पाण्याने ओल्या कापडाने तेल काढा. फक्त धातूवर आणि कडक प्लॅस्टिकवर. निलगिरीचं तेल जास्त लवकर काम करतं, पण काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतात. म्हणून मी ते धातूपुरतंच ठेवतो.

लेन्सचं रबरी कडं चिकट किंवा पांढरट झालंय.

पांढरट असेल तर ती रबरातून वर आलेली भुकटी, साबणाच्या पाण्याने जाते. कडं सैल असेल तर सावकाश ओढून काढा, भांडी घासायच्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि परत चढवा. कडं चिकट नसून फिरायलाच जड असेल, तर आतलं ग्रीस घट्ट झालंय. तो बाहेरून साफ करायचा विषय नाही.

गंजाचा स्प्रे मारला तर सगळं मोकळं होईल ना?

कधीही नाही. तो स्प्रे पातळ तेल मागे सोडतो. ते पसरत-पसरत शटरच्या पात्यांवर आणि लेन्समधल्या डायफ्रामवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर, जातं आणि जे आज चालतंय तेही उद्या चिकटून बसतं.

आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री आहे. त्यालाही हेच?

त्याला खूपच कमी. रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो देणारा हा साधा कॅमेरा आपल्याकडे घरोघरी होता, आणि त्याच्यावर तो मऊ थर नाही. चिकट लागत असेल तर वरचा मळ आहे. साबणाच्या पाण्यात कापड घट्ट पिळून पुसा, बस. आयपीए कशाला?

पुन्हा चिकट होऊ नये म्हणून काय करू?

माळ्यावरून खाली आणा, हे पहिलं. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे घ्या म्हणजे ओल भरली हे दिसतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे. तांदळात ठेवू नका, भुसा आत जातो. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. कपाटात कपड्यांसाठी त्या असतील तर कॅमेरा दुसऱ्या कपाटात. डास पळवायचं मलम लावलेल्या हातानेही कॅमेरा धरू नका. ज्या मलमांत डीईईटी (DEET) हे डास पळवणारं रसायन असतं ती प्लॅस्टिकचा पृष्ठभाग खातात.

ज्या कॅमेऱ्यांचा रबरी थर अजून चांगला आहे, त्यांना महिन्यातून एकदा बाहेर काढा, वारा द्या, शटर चार वेळा दाबा.

कारागिराकडे कधी न्यायचा?

शटर अडकतंय, लेन्समधली पाती तेलकट चमकतायत, किंवा आतून काही सुटल्याचा आवाज येतोय, तेव्हा. याशिकाच्या इलेक्ट्रो ३५ मध्ये आत रबराची एक छोटी गादी असते. तिचा चुरा झाला की रोल पुढे सरकवताना येणारा "टक्" असा जड आवाज बंद होतो. चिकटपणाचाच प्रकार, पण वरचं झाकण उघडल्याशिवाय हात पोचत नाही. नाशिकमध्ये जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, त्यांना हाताने काम करणारी माणसं माहीत असतात. इथे नाही जमलं तर मुंबईला फोर्टात बोरा बाजाराच्या भागात फोटोच्या सामानाची दुकानं आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. द्यायच्या आधी तुम्ही स्वतः काय-काय लावलंत ते कारागिराला खरं सांगा.

सगळं साफ झालं. रोल घालू?

आधी रात्री दिवे घालवा. लेन्स काढा, दार बंद करा, मोबाईलचा टॉर्च दाराच्या कडेने सावकाश फिरवा आणि लेन्सच्या तोंडातून शटर उघडं धरून आत बघा. बी नावाच्या खुणेवर बटण दाबून ठेवलं की शटर उघडं राहतं. कुठे उजेडाची रेघ दिसली तर तिथली लोकर किंवा फोम कमी पडलाय. काही दिसलं नाही तरी पहिला रोल स्वस्तातला घाला. गोदाघाटावर भर दुपारच्या उन्हात दोन-तीन फोटो काढा, कॅमेरा अर्धा तास उन्हात उघडाच गळ्यात राहू द्या, मग पुढचे काढा. फट उरली असेल तर ती याच फोटोंत नारिंगी होऊन दिसेल, आणि कुठल्या कोपऱ्यात दिसते त्यावरून खाचेचा कुठला भाग पुन्हा करायचा ते कळेल. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत वर दिसलेला पट्टा खालच्या खाचेतून आलेला असतो.